रूट करायचा विचार आहे? मग नवीन फोन रिकामा असतानाच ही तयारी करून घ्या

नवीन फोन हातात आला की पहिल्या तासाभरात आपण काय करतो, सिम टाकतो, गूगल अकाउंट टाकतो, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप रिस्टोर करतो, बँकेची अ‍ॅप्स चालू करतो, फोटो सिंकला लावतो, आणि मग चार-सहा दिवसांनी आठवतं की अरे हा तर रूट करायचा होता, म्हणजे सिस्टमवर पूर्ण ताबा मिळवायचा होता. तिथेच घोळ होतो, कारण रूटसाठी जवळपास सगळ्या फोनवर आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो आणि तो अनलॉक झाला की फोन आतला सगळा डेटा पुसून टाकतो. हे मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर चोरलेला फोन कुणीही अनलॉक करून आतलं सगळं वाचत बसला असता. म्हणून माझं म्हणणं एवढंच, घराला रंग द्यायचा तर सामान आणायच्या आधी द्यावा. फोन रिकामा आहे तोवर अनलॉक उरकून घ्या, रूट नंतर सवडीने करा, महिन्याभराने केलं तरी चालतं कारण सॅमसंग सोडलं तर नुसतं रूट करताना डेटा जात नाही, जातो तो अनलॉक करताना.

पण त्याही आधी, खरंच रूट पाहिजे का हे एकदा स्वतःला विचारा. लाँचर बदलायचाय, आयकॉन बदलायचेत, जाहिराती थोड्या कमी करायच्यात, कंपनीने भरलेली फालतू अ‍ॅप्स काढायचीत, यातल्या एकालाही रूट लागत नाही. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमधे प्रायव्हेट डीएनएस आहे, त्यात जाहिराती अडवणारा सर्व्हर टाकला की बरंच काम होतं, आणि नको असलेली अ‍ॅप्स कॉम्प्युटरवरून एडीबीने, म्हणजे फोनला आज्ञा देणाऱ्या गूगलच्या टूलने, तुमच्या युजरपुरती काढता येतात. शिझुकू नावाचं अ‍ॅप आहे, त्याने एडीबीची ताकद इतर अ‍ॅप्सना मिळते आणि निम्म्या लोकांचं समाधान तिथेच होतं. आणखी एक, कस्टम रॉम, म्हणजे कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली सिस्टम, टाकायला पण रूट लागत नाही, फक्त बूटलोडर अनलॉक लागतो, या दोन गोष्टी लोक कायम एकत्र करतात. रूट खरं लागतं ते अ‍ॅप्सचा डेटासकट पूर्ण बॅकअप घ्यायला, चार्जिंगवर स्वतःची मर्यादा घालायला, होस्ट फाइल बदलायला, कर्नलशी (सिस्टमच्या गाभ्याशी) खेळायला किंवा एलएसपोज्डसारखी मॉड्युल्स (सिस्टमचं वागणं बदलणारे अ‍ॅड-ऑन) वापरायला. यातलं काही हवं असेल तर पुढे वाचा.

काय गमवाल ते पण आधी ऐका. बूटलोडर अनलॉक झाला की गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत फोन नापास व्हायला लागतो, ही तपासणी जुन्या सेफ्टीनेटच्या जागी आलीये आणि तिचा वरचा स्तर फोनच्या हार्डवेअरमधूनच उत्तर मागतो, त्यामुळे पूर्वीसारखं लपवून चालेलच असं राहिलं नाही. बँकेची अ‍ॅप्स, टॅप करून पैसे देणं, काही गेम, ऑफिसची अ‍ॅप्स, यातलं काय चालेल आणि काय नाही हे प्रत्येकाचं वेगळं. आज चालतंय ते अपडेटनंतर उद्या बंद पडू शकतं आणि मग नवीन तोडगा शोधत बसावं लागतं. काही फोनवर वाइडवाइनचा, म्हणजे सिनेमाची कॉपी रोखणाऱ्या व्यवस्थेचा, स्तर एल१ वरून एल३ वर घसरतो आणि सिनेमाची अ‍ॅप्स एचडी दाखवत नाहीत. सॅमसंगमधे तर नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज असतो, कंपनीची सही नसलेली फाइल फ्लॅश केली, म्हणजे सिस्टममधे लिहिली, की तो उडतो आणि परत कधीच जोडता येत नाही, स्टॉक म्हणजे कंपनीची मूळ सिस्टम टाकली तरी सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट कायमचं गेलं. वॉरंटीचं काय होईल हे कंपनी आणि देशाप्रमाणे बदलतं, ते वाचून घ्या. माझं मत विचाराल तर एकच फोन आहे आणि पैशाचे सगळे व्यवहार त्याच्यावरच होतात अशी स्थिती असेल तर या भानगडीत पडू नका, किंवा जुना फोन बँकेसाठी बाजूला ठेवा आणि मग खुशाल करा.

आता फोन हातात आहे, तर पहिलं काम फोन नीट तपासणं. हे लोक गाळतात आणि नंतर डोकं धरून बसतात. अनलॉक केलेला फोन परत करताना किंवा बदलून घेताना वाद होणारच, म्हणून जे काही खराब असेल ते लॉक असतानाच सापडलं पाहिजे. पांढऱ्या, काळ्या आणि लाल पडद्यावर डेड पिक्सेल बघा, सगळे कॅमेरे उघडा, कॉल लावून माइक आणि दोन्ही स्पीकर ऐका, सिम दोन्ही खाचांत टाकून बघा, वायफाय, जीपीएस, फिंगरप्रिंट, व्हायब्रेशन, चार्जिंगचा स्पीड, सगळं. त्यासाठी गूगल अकाउंट टाकायची पण गरज नाही, सेटअपमधे स्किप स्किप करत आत जा. घाई नसेल तर दोन-तीन दिवस असाच वापरा, गरम होतो का, आपोआप रीस्टार्ट होतो का ते कळतं. मनात शंका असेल तर इथेच थांबून फोन बदलून घ्या.

मग फोन नेमका कुठला आहे ते शोधा. नेमका म्हणजे बॉक्सवरचं नाव नव्हे, मॉडेल नंबर. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळ्या प्रोसेसरचा असू शकतो, नावापुढे छोटासा ५जी किंवा प्रो लागला की आतून वेगळंच यंत्र निघतं, आणि चुकीच्या मॉडेलची फाइल टाकणं हा फोन मारायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग. सेटिंगमधल्या अबाउट फोनमधून मॉडेल नंबर, पूर्ण बिल्ड नंबर, अँड्रॉइड व्हर्जन, कर्नल व्हर्जन आणि सिक्युरिटी पॅचची तारीख, या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून कॉम्प्युटरवर ठेवा. प्रत्येक फोनला एक कोडनेम पण असतं, डेव्हलपर लोक त्याच नावाने बोलतात, ते शोधून लिहून ठेवा म्हणजे पुढे रॉम किंवा रिकव्हरी (दुरुस्तीसाठीची छोटी सिस्टम) शोधताना गोंधळ होत नाही.

कंपनीचा स्वभाव पण बघून घ्या, खरंतर फोन घ्यायच्या आधीच बघायला हवा. पिक्सेल सगळ्यात सरळ, एक सेटिंग आणि एक कमांड, फक्त अमेरिकेतल्या व्हेरायझनने विकलेला नसावा कारण तो अनलॉक होत नाही. मोटोरोलाच्या बऱ्याच फोनवर फास्टबूटमधून, म्हणजे बूटलोडरच्या ज्या मोडमधे फोन कॉम्प्युटरच्या आज्ञा घेतो त्यातून, एक लांबलचक कोड काढायचा, कंपनीच्या साइटवर टाकायचा आणि मेलवर अनलॉक की येते. शाओमीमधे कंपनीचं 'मी' अकाउंट फोनला जोडावं लागतं, ते पण सिमच्या मोबाईल डेटावर, मग ठरावीक काळ थांबायचं, पुष्कळदा तो १६८ तास म्हणजे आठवडाभर असतो, आणि हायपरओएस ही त्यांची नवी सिस्टम आल्यापासून तर कम्युनिटी अ‍ॅपमधून परवानगी मागावी लागते आणि रोजचा कोटा लगेच संपतो. थांबायच्या काळात त्या अकाउंटमधून लॉगआउट करू नका आणि फोन रीसेट करू नका. हुआवेने २०१८ मधेच अनलॉक कोड देणं बंद केलं, त्यामुळे तिथे विषयच संपला. सॅमसंगची अमेरिकेतली स्नॅपड्रॅगन मॉडेल्स कधीपासूनच बंद होती आणि वन यूआय ८ या त्यांच्या सिस्टमच्या आवृत्तीपासून इतर ठिकाणी पण अनलॉकचा पर्याय काढून टाकायला सुरुवात झालीये. म्हणून सॅमसंग असेल तर अपडेट दाबायच्या आधी डेव्हलपर ऑप्शन्समधे तो पर्याय दिसतोय का ते बघाच.

अपडेटचं निघालंच आहे तर ते आत्ता बंद करा. अबाउट फोनमधे बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, शाओमीत ते ओएस व्हर्जनवर टॅप करायचं असतं. आत ऑटोमॅटिक सिस्टम अपडेट्स म्हणून स्विच आहे तो बंद. कारण दोन आहेत. एक म्हणजे रूटसाठी लागणारी बूट फाइल ही फोनमधे चालू असलेल्या बिल्डचीच लागते, एका पॅचचा फरक पण बूटलूपला (फोन सारखा रीस्टार्ट होत अडकायला) पुरतो, आणि तुम्ही रात्री फाइल डाउनलोड केली, पहाटे फोनने गुपचूप अपडेट घेतला, की झालं. दुसरं म्हणजे अँटी रोलबॅक. काही अपडेट फोनमधला एक आकडा कायमचा वाढवतात आणि मग जुना बूटलोडर चालतच नाही, पिक्सेल ६ च्या फोनना अँड्रॉइड १३ बरोबर २०२२ मधे असंच झालं होतं, एकदा वर गेलात की खाली उतरता येत नाही. म्हणून कुठल्या व्हर्जनवर थांबायचं ते आधी ठरवा, त्यावर या, आणि मग अपडेट बंद.

आता कॉम्प्युटर. फार काही लागत नाही, गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्स नावाचं छोटं पॅकेज गूगलच्याच साइटवरून घ्या, त्यात एडीबी आणि फास्टबूट दोन्ही असतात. कुणीतरी बनवलेलं एका क्लिकमधे सगळं करून देणारं टूल घेऊ नका, ते बहुतेक जुनं असतं आणि आत काय आहे देव जाणे. विंडोज असेल तर गूगलचा यूएसबी ड्रायव्हर नाहीतर तुमच्या कंपनीचा ड्रायव्हर टाका. डेव्हलपर ऑप्शन्समधे यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल लावा, टर्मिनलमधे 'एडीबी डिव्हाइसेस' चालवा. फोनवर परवानगी विचारली जाईल, तिथे या कॉम्प्युटरला कायम परवानगी द्या असा टिक करून ओके करा. यादीत अनऑथराइज्ड दिसलं तर ती परवानगी राहिलीये एवढाच अर्थ.

इथे एक हमखास फसगत होते. एडीबी छान चालतंय म्हणून लोक निर्धास्त होतात, फोन बूटलोडरमधे नेतात आणि मग फास्टबूट नुसतं वेटिंग फॉर एनी डिव्हाइस म्हणत तासभर बसून राहतं. कारण विंडोजच्या दृष्टीने बूटलोडर मोडमधला फोन हे वेगळंच यंत्र आहे, त्याला ड्रायव्हर पुन्हा द्यावा लागतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, पिवळा त्रिकोण दिसेल, त्याच्यावर हाताने अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस हा ड्रायव्हर निवडा. ते पण जमलं नाही तर केबल बदला, चार्जिंगपुरत्या केबलमधून डेटा जात नाही, आणि कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबी २ च्या पोर्टमधे लावून बघा, यूएसबी ३ वर काही मशीन फास्टबूटशी नीट बोलत नाहीत. हब मधे घालू नका. 'फास्टबूट डिव्हाइसेस' म्हटल्यावर सिरियल नंबर दिसला की पुढे जायचं, तोवर अनलॉकची कमांड चालवायचीच नाही. ही सगळी चाचणी फोनला काहीही न करता होते, म्हणून बिनधास्त चार वेळा करून बघा. सॅमसंगवाल्यांना मात्र फास्टबूट नसतं, त्यांच्याकडे डाउनलोड मोड आणि विंडोजवर ओडिन, लिनक्स किंवा मॅकवर हाइमडाल.

परतीची वाट आधी, मग पुढचं पाऊल

माझ्या मते अख्ख्या तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आणि सगळ्यात कंटाळवाणा पण हाच. तुमच्या बिल्ड नंबरचं पूर्ण स्टॉक फर्मवेअर डाउनलोड करून कॉम्प्युटरवर ठेवायचं, फोनमधे नाही, कारण फोन तर पुसला जाणार आहे. पिक्सेलला गूगल स्वतः सगळ्या फॅक्टरी इमेज देतं आणि ब्राउझरमधून चालणारं फ्लॅश टूल पण आहे, शाओमीला फास्टबूट रॉम मिळतात, बाकीच्यांचं थोडं शोधावं लागतं. डाउनलोड झाल्यावर सोबत दिलेला शा-२५६ चा चेकसम (फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा कोड) जुळवून बघा, कितीतरी लोकांचे फोन नुसत्या अर्धवट उतरलेल्या झिपने अडकलेत. मग फाइल उघडून आतली बूट इमेज वेगळी काढून ठेवा. अपडेटच्या झिपमधे ती पेलोड नावाच्या एका मोठ्या फाइलमधे कोंबलेली असते, ती फोडायला पेलोड डंपर म्हणून टूल मिळतं.

बूट इमेज म्हणताना एक बारकावा आहे, जो फोन बाजारात येतानाच अँड्रॉइड १३ किंवा पुढचं घेऊन आला त्यात रॅमडिस्क (फोन सुरू होताना लागणाऱ्या फाइल्स) बहुतेक इनिट बूट नावाच्या वेगळ्या पार्टिशनमधे (स्टोरेजच्या भागात) असते, रूट देणाऱ्या मॅजिस्क या अ‍ॅपला ती लागते. जुन्या फोनला नंतर १३ चा अपडेट मिळाला असेल तर तो मात्र साध्या बूट इमेजवरच. म्हणजे पिक्सेल ७ ला इनिट बूट आणि पिक्सेल ६ ला बूट. चुकीची पॅच केलीत तर फोन मरत नाही सहसा, पण रूट पण मिळत नाही आणि दोन तास उगाच जातात.

ही फाइल हातात आल्याशिवाय, आणि ती परत कशी टाकायची हे एकदा वाचल्याशिवाय अनलॉक करू नका. तुमच्या फोनचा प्रोसेसर क्वालकॉमचा की मीडियाटेकचा हे पण बघून ठेवा, कारण फास्टबूट सुद्धा उघडेनासं झालं तर पुढचा इलाज त्याच्यावर ठरतो, क्वालकॉमला ईडीएल हा आणीबाणीचा डाउनलोड मोड असतो पण त्यासाठी कंपनीची सही असलेली फाइल लागते आणि ती सगळ्यांना मिळत नाही.

अनलॉक

आता प्रत्यक्ष काम, आणि ते सगळ्यात छोटं आहे. बॅटरी निदान साठ-सत्तर टक्के. फोनमधे गूगल अकाउंट टाकलं असेल तर काढून टाका आणि स्क्रीन लॉक पण काढा, नाहीतर रीसेटनंतर फोन जुनं अकाउंट मागत बसू शकतो. डेव्हलपर ऑप्शन्समधे ओईएम अनलॉकिंग चालू करा. तो स्विच करडा असेल आणि दाबला जात नसेल तर आधी वायफाय लावा, बऱ्याच फोनना सर्व्हरला विचारल्याशिवाय तो उघडता येत नाही, काही सॅमसंगना तर सात दिवस थांबावं लागतं. इंटरनेट असूनही करडाच राहिला तर फोन बहुधा नेटवर्क कंपनीने बांधलेला आहे आणि मग कमांडने काही होणार नाही.

नंतर 'एडीबी रीबूट बूटलोडर', फोन तिथे गेला की 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक', जुन्या फोनवर 'फास्टबूट ओईएम अनलॉक'. पडद्यावर इशारा येईल, व्हॉल्यूमच्या बटणाने अनलॉक निवडा, पॉवरने पक्कं करा. शाओमीला त्यांचं 'मी अनलॉक' टूल, सॅमसंगला डाउनलोड मोडच्या इशाऱ्यावर व्हॉल्यूम अप दाबून धरायचं. फोन पुसला जातो, रीस्टार्ट होतो, आणि चालू होताना बूटलोडर अनलॉक आहे असा इशारा रोज दिसायला लागतो. तो येणारच, घाबरू नका, पहिला बूट थोडा जास्त वेळ घेतो तेव्हा मधेच बटण दाबून बंद करू नका.

एक गोष्ट लिहून भिंतीला चिकटवा हवं तर. अनलॉक झाल्यावर, सिस्टममधे काहीही बदल असताना, बूटलोडर परत लॉक करायचा नाही. लॉक केलेला बूटलोडर फक्त कंपनीची सही मानतो, आत पॅच केलेली इमेज सापडली की फोन चालूच होणार नाही आणि कधीकधी अनलॉक परत करायची वाट पण बंद होते. लॉक करायचाच असेल तर आधी पूर्ण स्टॉक फ्लॅश, तो नीट चालू होतो का ते बघणं, मग लॉक, आणि त्यात पण डेटा परत पुसला जातो.

इथून पुढे फोन तुमचा. आता खुशाल अकाउंट टाका, सिम टाका, अ‍ॅप्स भरा. एक करा, डेव्हलपर ऑप्शन्स रीसेटमधे बंद झालेले असतात, ते परत उघडून यूएसबी डीबगिंग चालू करा, कॉम्प्युटरला परत परवानगी द्या, आणि ऑटोमॅटिक अपडेट परत बंद. पिन मात्र चांगला ठेवा, अनलॉक बूटलोडरचा फोन कुणाच्या हातात पडला तर त्यात काहीही फ्लॅश करता येतं, तुमचा डेटा एन्क्रिप्ट असतो पण तो वाचवतो शेवटी पिनच.

रूट करायचं त्या दिवशी

मॅजिस्क फक्त त्याच्या गिटहबच्या पानावरून घ्या. मॅजिस्कच्या नावाच्या सुंदर सुंदर वेबसाइट सर्चमधे वर येतात, त्यातली एकही अधिकृत नाही, आणि ज्या अ‍ॅपला तुम्ही फोनच्या सगळ्या किल्ल्या देणार ते कुठून घेतलं याला महत्त्व आहे. अ‍ॅप टाका, तुमची बूट किंवा इनिट बूट इमेज फोनमधे कॉपी करा, इन्स्टॉलमधे जाऊन फाइल निवडून पॅच करा, पॅच झालेली फाइल एडीबीने कॉम्प्युटरवर ओढा आणि फास्टबूटमधून त्याच पार्टिशनवर फ्लॅश करा. सॅमसंगमधे यासाठी फर्मवेअरमधली एपी नावाची अख्खी फाइल पॅच करायची असते आणि पहिल्यांदा मॅजिस्क टाकताना डेटा परत पुसावा लागतो. कर्नल ५.१० किंवा त्यापुढचा जीकेआय (गूगलचा सामायिक कर्नल) असेल तर कर्नलएसयू हा पण पर्याय आहे, त्यात ज्या अ‍ॅपला रूट दिलं नाही त्याला रूट दिसतच नाही. पण पहिल्यांदाच करताय तर मॅजिस्क घ्या, अडचण आली तर उत्तर सापडायची शक्यता जास्त.

रूट मिळाल्यावर लगेच थीम आणि फॉन्टकडे धावू नका. आधी एका टर्मिनल अ‍ॅपमधून रूट घेऊन /डेव्ह/ब्लॉक/बाय-नेम या फोल्डरमधे कुठली पार्टिशन्स आहेत ते बघा आणि पर्सिस्ट, ईएफएस, क्वालकॉम असेल तर मोडेमएसटी१ आणि मोडेमएसटी२ या सगळ्यांची डीडी कमांडने कॉपी काढा. यात नेटवर्कची माहिती, सेन्सरचं कॅलिब्रेशन असलं काहीबाही असतं जे त्या एका फोनपुरतंच असतं, स्टॉक फर्मवेअरमधे ते मिळत नाही, दुसऱ्याच्या फोनचं चालत नाही. नंतर कधी कस्टम रॉमच्या नादात सिम ओळखेना किंवा फिंगरप्रिंट मेला तर हीच कॉपी कामाला येते. कॉपी कॉम्प्युटरवर आणि अजून एका ठिकाणी ठेवा, आणि ती कुणाला पाठवू नका.

मॉड्युल्स एका वेळी एकच, टाकलं की रीबूट, नीट चाललं की मग पुढचं. पाच एकदम टाकले आणि फोन लोगोवर अडकला तर दोषी कोण ते कळत नाही. अडकलाच तर फोन सेफ मोडमधे चालू करा, मॅजिस्क त्यात सगळी मॉड्युल्स बंद करतो. नाहीतर केबल लावून 'एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्युल्स' द्या, म्हणूनच मगाशी कॉम्प्युटरला कायमची परवानगी द्यायला सांगितलं. तेही नाही झालं तर जपून ठेवलेली मूळ बूट इमेज फास्टबूटमधून परत टाका, फोन रूट नसलेला पण जिवंत परत येतो, डेटा जागेवर.

अपडेट यायला लागले की ते कायमचे टाळू नका, सिक्युरिटी पॅच रूट केलेल्या फोनला जास्तच लागतात. ज्या फोनमधे ए/बी स्लॉट (सिस्टमच्या दोन प्रती) आहेत तिथे पद्धत अशी, मॅजिस्कमधे अनइन्स्टॉलमधे जाऊन रिस्टोर इमेजेस करा आणि रीबूट करू नका, सेटिंगमधून अपडेट घ्या, तो रीस्टार्ट मागेल तेव्हा पण थांबा, परत मॅजिस्कमधे येऊन इन्स्टॉल टू इनअ‍ॅक्टिव्ह स्लॉट दाबा आणि तिथूनच रीबूट करा. ए/बी नसेल तर नवीन फर्मवेअर, त्याची नवीन बूट इमेज, नवीन पॅच, सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि जुनी बूट इमेज तोवर डिलीट करायची नाही.